न पाडलेला जिना

टेलरबाई काज करत बसल्या होत्या, तेवढ्यात बाहेर असा धडाका झाला की सासूबाईंच्या हातातली बशीच निसटली. दार उघडून पाहतात तो काय, जिनाच गायब! घर पहिल्या मजल्यावर, जिना बाहेरून. आता उंबऱ्यापुढे नुसती हवा. खाली नगरपालिकेचं यंत्र आणि धुळीनं माखलेला मुकादम.

"अहो, हे काय केलंत?"

"अतिक्रमण काढलं. एकोणीस नंबर ना?"

"सोळा!"

"मग नंबर नीट रंगवायचा ना, बाई. सहाचं पोट कुठल्या बाजूला आहे, खालून काय कळतंय?" असं म्हणून मुकादम निघूनही गेला.

शेजाऱ्यांनी रंगाऱ्याची शिडी आणून दिली. टेलरबाई पदर खोचून चढू-उतरू लागल्या. पण गिऱ्हाइकं खालूनच मापं ओरडून सांगायची. कुणाची कंबर किती हे सगळ्या गल्लीला कळलं आणि बायका यायच्या थांबल्या. सासूबाईंचे गुडघे तर शिडीपुढे हरलेच. त्या खिडकीत बसून रस्ता बघत राहायच्या.

टेलरबाईंनी नगरपालिकेची कचेरी गाठली. साहेब शांतपणे म्हणाले, "सोळा नंबरचा जिना पाडल्याची आमच्याकडे नोंद नाही. म्हणजे तो पाडलेला नाही."

"मग मी वर कशी जाऊ?"

"जिन्यानं."

"सरकारशी भांडून कुणाचं भलं झालंय?" असं जो तो म्हणाला. पण खिडकीत बसलेल्या सासूबाईंकडे बघून टेलरबाई कोर्टात गेल्याच. तिथंही साहेबांनी तेच सांगितलं: जिना शाबूत आहे.

"उत्तम," न्यायाधीशबाई म्हणाल्या. "उद्या मी बघायला येते. तुम्ही चढून दाखवा."

दुसऱ्या दिवशी सगळी गल्ली जमली. साहेबांनी जिना शोधला, मग टाय सैल करून शिडीला हात घातला. शेवटच्या पायरीवर पाय ठेवला आणि ती कडकन मोडली. सासूबाईंनी कॉलर धरून त्यांना आत ओढलं, शिडी मात्र खाली कोसळली.

"साहेब, उतरा आता," न्यायाधीशबाई खालून म्हणाल्या.

"कशावरून उतरू?"

"हे लिहून घ्या," न्यायाधीशबाईंनी कारकुनाला सांगितलं.

अग्निशमन दलाची गाडी येईपर्यंत साहेब वरच अडकले. सासूबाईंना किती दिवसांनी नवं माणूस भेटलेलं! त्यांनी चहा दिला, घर दाखवलं, मागची गॅलरी तर फारच कौतुकानं दाखवली.

निकाल लागला: आगाऊ नोटीस दिल्याशिवाय आणि म्हणणं ऐकून घेतल्याशिवाय कुणाचंही काही पाडायचं नाही, जिना कचेरीनं बांधून द्यावा. जिना झाला. सासूबाई कठड्याला धरून सावकाश खाली उतरल्या आणि रस्त्याच्या मधोमध उगाचच उभ्या राहिल्या. सायकलवाले वळसा घालून गेले, पण कुणी घंटी वाजवली नाही.

काही दिवसांनी दारावर टकटक झाली. साहेब होते, घामाघूम, हातात नोटीस. मागची गॅलरी मंजूर नकाशापेक्षा पुढं आलेली आहे. पंधरा दिवसांत म्हणणं मांडावं.

"चहा पिऊन गेला, आणि हे फळ!" सासूबाई कडाडल्या. "सूनबाई, जा पुन्हा कोर्टात!"

टेलरबाईंनी नोटीस दोनदा वाचली. "सासूबाई, मामंजींनी गॅलरी वाढवली तेव्हा परवानगी घेतली होती?"

"ते कुणाला विचारायचे थोडेच!"

साहेब अवघडून दारातच उभे होते. गॅलरी जाणार म्हणजे कपडे वाळत घालायची जागा जाणार. राग यायला हवा होता, आणि आलाही होता. पण जिना गेला तेव्हा आला होता, तसा हा राग नव्हता. निदान या वेळी माणूस दार वाजवून आला होता.

"नक्की किती पुढं आलीय म्हणता?"

"ते मोजावं लागेल."

टेलरबाईंनी गळ्यातली टेप काढली आणि एक टोक साहेबांच्या हातात दिलं. "धरा घट्ट. आणि ओढू नका हं, ताणलं की माप चुकतं."