बारावं पुस्तक आणि सोळा टेराबाईट

"लिहा, वहिनी," असं म्हणून भाऊजी खिडकीपाशी गेले आणि पाठमोरे उभे राहिले. महत्त्वाचं बोलायचं असलं की ते पाठमोरेच उभे राहत. चेहऱ्यावरून विचार फुटतात, असं त्यांचं मत होतं. "खासगी अन्वेषक. नजर घारीची, कान सशाचे, चाल मांजराची. ज्यांच्या नुसत्या आठवणीने गुन्हेगार झोपेत कूस बदलतात, असे."

"नाक कुणाचं?" वहिनींनी विचारलं.

"नाकाचा उल्लेख माहितीपत्रकात करत नाहीत."

वहिनींनी नाक सोडून बाकीचं प्राणिसंग्रहालय लिहून घेतलं. भाऊजींनी बावीस वर्षं घरोघरी जाऊन विजेचे मीटर वाचले होते. एवढी वर्षं लोकांच्या जिन्याखाली वाकून पाहिल्यावर आपल्याला माणसाचं अंतरंग कळतं, असा त्यांचा समज झाला आणि त्यांनी मुदतीआधी निवृत्ती घेतली. कचेरी थोरल्या भावाच्या घरातल्या पुढच्या खोलीत थाटली. खोली वहिनींची, टेबल वहिनींचं, अक्षरही त्यातल्या त्यात वहिनींचंच बरं. त्यामुळे सहायक कोण, हा प्रश्न चर्चेला न येताच सुटला. थोरले भाऊ जहाजावर नोकरीला होते. हा उद्योग सुरू झाल्यापासून त्यांनी सुट्ट्या घेणं कमी केलं होतं.

माहितीपत्रक अर्ध्यावर आलं असतानाच वाचनताई दारात उभी राहिली. ती वरच्या मजल्यावर राहायची. गेली सहा वर्षं दृष्टिहीन श्रोत्यांसाठी पुस्तकं वाचून रेकॉर्ड करायची, फुकट. कपाटात गोधड्या टांगून तिने आवाजाची खोली केली होती. उन्हाळ्यात त्यात बसून चारशे पानी कादंबरी वाचणं म्हणजे काय, ते तिचं तिलाच ठाऊक. आतापर्यंत सत्तेचाळीस पुस्तकं झाली होती आणि लॅपटॉप भरून वाहत होता.

"बॅकअपसाठी बाहेरची हार्डडिस्क घ्यायचीय," ती म्हणाली. "फार महाग नको. वहिनी, तुम्ही येता का दुकानात?"

उत्तर भाऊजींनी दिलं. "ताई, हार्डडिस्क घेणं ही खरेदी नव्हे. ती ओळखपरेड आहे. मी येतो."

दुकानदाराने काउंटरवर तीन डिस्क मांडल्या आणि त्यातल्या सर्वांत लहान डिस्ककडे बोट दाखवलं. "ताई, तुमचं काम एक टेराबाईटमध्ये आरामात भागेल. परवडत असेल तर अशा दोन घ्या. एक घरी ठेवा, दुसरी बहिणीकडे वगैरे. एकच मोठी घेऊन तिच्यावर सगळं सोपवू नका."

भाऊजींनी वहिनींना बाजूला घेतलं. "ऐकलंत? एक मागितली तर दोन खपवतोय. शिवाय बोलताना डावा कान खाजवला. खोटं बोलणाऱ्याचा डावा कान खाजतो."

"त्याच्या कानाला चष्म्याची काडी टोचतेय, भाऊजी."

"चष्मा हे निमित्त."

चौकाच्या पलीकडे फुटपाथवर चादर अंथरून एक जण चार्जर, टॉर्च आणि मोबाइलची कव्हरं विकत बसला होता. त्याच्याकडे चकचकीत काळी डिस्क होती. सोळा टेराबाईट, आणि किंमत दुकानातल्या लहान डिस्कच्या एक तृतीयांश.

"सोळापट जागा आणि एवढी स्वस्त? याला परवडतं कसं?" वहिनींनी विचारलं.

"तोच तर त्याच्या प्रामाणिकपणाचा पुरावा. ज्याला काही लपवायचं असतं, तो किंमत वाढवतो. शिवाय हातात घेऊन बघा. वजन आहे. माहितीला वजन असतं, वहिनी."

"ती रिकामी आहे ना अजून?"

भाऊजी विक्रेत्याकडे वळले होते. वाचनताईने एकदा दुकानाकडे पाहिलं, एकदा भाऊजींकडे. समोरचा माणूस खात्रीने बोलायला लागला की तिला नाही म्हणता येत नसे. तिने काळी डिस्क घेतली.

घरी येऊन तिने सत्तेचाळीस पुस्तकं क्रमाने तिच्यात भरली. याला अडीच दिवस लागले. मग भाऊजींनी व्यावसायिक सल्ला दिला. "आता लॅपटॉपवरची पुसून टाका. पुराव्याच्या दोन प्रती असल्या की कोर्टात एक खोटी ठरते."

वहिनी त्या दिवशी दाढ काढायला दवाखान्यात गेल्या होत्या. नाहीतर ही गोष्ट इथेच संपली असती.

दोन आठवड्यांनी वाचनताई खाली आली ती पांढरीफटक पडून. डिस्कवर सगळ्या पुस्तकांची नावं दिसत होती, पण बाराव्यापासून पुढचं एकही वाजत नव्हतं. नाव होतं, तारीख होती, आवाज नव्हता. बोलता बोलता तिचाही आवाज गेला. तो रडण्याने गेला की धसक्याने, हे घशाच्या डॉक्टरांनाही नीट सांगता आलं नाही. त्यांनी तीन आठवडे मौन लिहून दिलं.

"चोरी," भाऊजी तृप्त होऊन म्हणाले. "आवाजाची चोरी. देहही गेला आणि आत्माही."

"पहिली अकरा चालतात आणि बारापासून काहीच नाही," वहिनी म्हणाल्या. "इतकं शिस्तीत चोर चोरतो का?"

"म्हणजे चोर शिस्तप्रिय आहे. लिहून घ्या."

पहिला संशय शेजारच्या शिंप्यावर गेला. टाचण्या गोळा करायला त्याच्याकडे हातभर लोहचुंबक होतं, आणि भिंतीपलीकडून चुंबक फिरवून आवाज पुसता येतो, असा भाऊजींचा सिद्धान्त होता. ते तासभर उलटतपासणी घेऊन परत आले. निष्पन्न एवढंच झालं, की भाऊजींची पँट दीड इंचाने लांब होती. ती त्याने तिथल्या तिथे आखूड करून दिली होती.

मग वाचनताईच्या जाऊबाई. त्यांनाही एकदा वाचायचं होतं, पण श्रोत्यांनी त्यांचा आवाज सायकलच्या घंटीसारखा आहे असं कळवलं होतं. "मत्सर," भाऊजी म्हणाले आणि त्यांच्या दारात पोचले. जाऊबाईंनी त्यांना उभ्या उभ्या पाच पानं वाचून दाखवली. भाऊजी परत आले तेव्हा म्हणाले, "निर्दोष. श्रोत्यांबद्दल मात्र माझा आदर वाढला."

तिसरा संशयित आपल्या पायांनी आला. तो पांढरी काठी टेकत आला. जन्मापासून दृष्टिहीन असलेला हा फिजिओथेरपिस्ट वाचनताईचा सर्वांत जुना श्रोता होता. सगळे त्याला डॉक्टरच म्हणत. एक खुनाची कादंबरी ऐकता ऐकता तो शेवटच्या तीन प्रकरणांपाशी अडकला होता. ताईने ती वाचून ठेवली होती, पण पाठवायच्या आधीच हा घोटाळा झाला. वाचनताई आणि तिची डिस्क, दोघीही कचेरीत होत्या.

भाऊजींनी वहिनींच्या कानात सांगितलं, "हाच. शेवट आपल्या एकट्यालाच कळावा म्हणून त्याने तो लांबवलाय. आणि डोळ्यांचं सोंगच असेल." ते पुढे झाले आणि डॉक्टरांच्या नाकासमोर तळहात हलवू लागले.

"वारा छान येतोय," डॉक्टर म्हणाले. "खिडकी या बाजूला आहे का?"

वहिनींना जमिनीत शिरावंसं वाटलं. वाचनताईने मान खाली घातली. डॉक्टर शांतपणे खुर्चीत बसले.

"ती डिस्क द्या बघू जरा."

"ती पुरावा आहे," भाऊजी म्हणाले. "तज्ज्ञांशिवाय कुणी हात लावायचा नाही."

वहिनींनी ती उचलून सरळ डॉक्टरांच्या हातात ठेवली. भाऊजींची परवानगी न विचारता केलेलं त्यांचं हे पहिलंच काम.

डॉक्टरांनी डिस्क तळहातावर तोलली. अंगठ्याने कडा दाबून पाहिल्या. मग कानाशी नेऊन हळूच डुलवली. खुळ्, असा आवाज आला. दुसऱ्या बाजूला डुलवली. पुन्हा खुळ्.

"मी दिवसभर सरकलेल्या डिस्कच तपासतो," ते म्हणाले. "ही सरकलेली नाही. ही मुळात डिस्कच नाही. सगळं वजन एका कोपऱ्यात आहे. वहिनी, चाकू आहे का?"

वहिनींनी कागद कापायचा चाकू आणला. झाकण दोन क्लिपांवर उभं होतं, ते लगेच निघालं. आत एका कोपऱ्यात नखाएवढं मेमरी कार्ड गोंदाने चिकटवलेलं होतं. दुसऱ्या कोपऱ्यात वजनासाठी दोन लोखंडी नट होते, त्यातला एक सुटलेला. बाकी हवा.

"म्हणजे चोरी झालीच नाही," वहिनी म्हणाल्या. "कार्डात मावली तेवढी अकरा पुस्तकं राहिली. पुढची नुसती नावं लिहून घेतली याने."

वाचनताईने भाऊजींकडे पाहिलं. तिला बोलायची मनाई होती, आणि तिने काही लिहूनही दाखवलं नाही. भाऊजी खिडकीपाशी गेले आणि पाठमोरे उभे राहिले. या वेळी चेहऱ्यावरून काय फुटत होतं, ते कुणी पाहायला गेलं नाही.

"मला त्या माणसाचा चेहरा लक्षात आहे," ते तसेच उभे राहून म्हणाले.

"कुठल्या? फुटपाथवरच्या?" वहिनींनी विचारलं. "का ज्याने घ्यायला लावली त्या?"

भाऊजी खिडकीची कडी उघडझाप करत राहिले.

"ताई," डॉक्टर म्हणाले, "मी तुमचं एकही पुस्तक पुसलेलं नाही. फोनवर सगळी नाहीत, पण पंचवीसेक तरी असतील. बाकीच्यांनाही विचारतो."

वहिनींनी वही उघडली आणि श्रोत्यांना फोन लावायला बसल्या. तीन दिवसांत एकतीस पुस्तकं परत आली. कुणाच्या फोनवरून, कुणाच्या जुन्या पेनड्राइव्हवरून, एकाने तर मुलीच्या टॅबलेटमधून काढून दिलं. चार पुस्तकं कायमची गेली. त्यातलं एक एका साखर कारखानदाराचं सातशे पानी आत्मचरित्र होतं. ते कुणाकडेच सापडलं नाही, आणि कुणी फारसं शोधलंही नाही. दुकानातून एक टेराबाईटच्या दोन डिस्क आल्या, त्या वहिनींनी आणल्या. भाऊजी घरीच थांबले. त्यांना तसं सांगितलं गेलं होतं.

सत्तेचाळिसावं पुस्तक म्हणजे ती खुनाची कादंबरी. तिची शेवटची तीन प्रकरणं कुणाकडेच नव्हती आणि वाचनताईचं मौन चालू होतं.

"तुम्ही वाचायची," वहिनी भाऊजींना म्हणाल्या.

"मी अन्वेषक आहे, वहिनी."

"म्हणूनच."

भाऊजी गोधड्यांच्या कपाटात बसले. पहिल्या अर्ध्या तासातच घामाने शर्ट पाठीला चिकटला, पण आवाज त्यांचा खरोखर बरा होता. वहिनी बाहेर कानाला हेडफोन लावून बसल्या. दोन प्रकरणं भाऊजींनी मुकाट वाचली. तिसऱ्याच्या सुरुवातीला मात्र त्यांना राहवेना. ते थांबले, घसा खाकरला आणि ऐकणाऱ्यांना उद्देशून म्हणाले, "चतुर श्रोत्यांच्या एव्हाना लक्षात आलंच असेल, की खून आचाऱ्याने केला आहे."

मग ते पुढे वाचत गेले. आठ पानांनंतर खून बँक मॅनेजरच्या सासूने केल्याचं निघालं. आचारी तर त्या रात्री गावातच नव्हता. कपाटात पानं मागे-पुढे उलटल्याची सळसळ झाली. मग भाऊजींचा आवाज आला, थोडा खाली गेलेला, पण ठाम.

"इथे लेखकाचा अंदाज चुकला आहे."

वाचनताई खुर्चीत बसून ऐकत होती. तिने तोंडावर हात दाबून धरला, पण मौनाच्या सोळाव्या दिवशी ती हसलीच. वहिनींनी ते वाक्य कापलं नाही. डॉक्टरांना ते पोचलं, इतर श्रोत्यांनाही पोचलं, आणि दोन्ही डिस्कवर ते नीट वाजतं. वहिनींनी दोनदा लावून पाहिलं.