कूलरपुढची थोरली

दिंद्रुडच्या शिवाण्णांच्या बियाण्यांच्या दुकानात भर उन्हाळ्यातही कूलरचं तोंड गिऱ्हाइकाकडं नसतं, भिंतीवरच्या एका फोटोकडं असतं. आपण घामाघूम होऊन सरकीचं पाकीट मागावं, तर अण्णा म्हणणार, "थांब बे, आदी थोरलीला वारं लागू दे."

थोरली म्हणजे समुद्राच्या तळचं एक जुनं प्रवाळ, बैलगाडीएवढं, तपकिरी. नाव गौरीनं ठेवलेलं. ही अण्णांची लेक. अंदमानात दरवर्षी पाण्याखाली उतरून तीच ती प्रवाळं मोजते. अण्णांनी स्वतः समुद्र पाहिलेला नाही. माजलगावच्या धरणावरसुद्धा ते चार पावलं मागंच उभे राहतात. पण गौरीला तिथल्या पाण्याचं तापमान विचारून दुकानाच्या फळ्यावर, कापसाच्या वाणांखाली, रोज खडूनं लिहितात : 'समुद्र – तीस'. एकतीस झालं की त्यांना जेवण जात नाही.

याला कारण आहे. नोकरीच्या पहिल्याच उन्हाळ्यात गौरीचा फोन आला, "अण्णा, सगळं पांढरं पडलंय!" आणि तुटला. आमच्याकडं रान पांढरं झालं म्हणजे कापूस फुटला. अण्णांनी अख्ख्या बाजारात पेढे वाटले. मीही दोन खाल्ले. संध्याकाळी कौतुकानं फोन लावला, तर पोरगी हुंदके देत होती. पाणी तापलं की प्रवाळ पांढरं पडतं आणि लवकर निवलं नाही तर मरतं, हे आम्हाला तेव्हा कळलं.

तेव्हापासून अण्णांनी धास्तीच घेतली. "फांद्यावाली प्रवाळं समदी गेली बे," ते सांगतात. "आपल्याकडं ज्वारी जाऊन ऊस आला, तसं तिथं शेवाळ आलंय. निस्ती थोरली टिकून हाय."

गेल्या वैशाखात फळ्यावर बत्तीस दिसलं आणि मलाच धडकी भरली. आत गेलो. लाईट गेलेली, कूलर बंद. फोनवर गौरीचा आवाज होता.

"अण्णा, थोरली पांढरी पडली."

"जित्ती हाय का?"

"आज हाय. उद्याचं सांगता येईना."

"मंग कावून रडतीस? इकडं कूलर चालू हाय."

फोन ठेवून अण्णांनी खोक्याचा पुठ्ठा फाडला आणि फोटोला वारा घालू लागले. 

"पोरगी लई एकटी हाय बे तिथं," ते म्हणाले. "थोरली गेली तर कुणापाशी जाईल?"

मला हसू आलं नाही. मी दुसरा पुठ्ठा फाडला आणि त्यांच्या शेजारी उभा राहिलो.