मामांनी पारखलेला मास्तर

स्कूबा डायव्हिंगचा मास्तर निवडायला सासऱ्यांना बोलवायचं, ही कल्पना माझी. (क्रांतीला वाटलं, नवरा किती जबाबदार! मी वाटू दिलं.)

खरं कारण वेगळंच होतं. लग्नाच्या वाढदिवसाला दोघांनी मालवणला जाऊन समुद्राचा तळ बघायचा, असं क्रांतीनं ठरवलं होतं. मी तर रंकाळा तलावाच्या कठड्यावरही पाण्याकडे पाठ करून बसतो. पण तिला नाही म्हणायची छाती कुणाची? आमचे मामा, म्हणजे सासरे गणपतराव, गडहिंग्लजकडचे म्हशींचे जाणकार. दोन वर्षं बाजार पालथे घालून त्यांना एक म्हैस पसंत पडलेली नाही. (जावई मात्र एका बैठकीत पसंत केला होता. त्यानंतरच सावध झाले असावेत.) मामा एकेक मास्तर बाद करणार, बेत आपोआप बारगळणार आणि मी नामानिराळा!

पहिल्या मास्तरानं फोनवर सगळ्यात स्वस्त भाव सांगितला. मामा स्पीकरवर गरजले, "आजवर किती माणसं खाली नेलीसा?"

"हजारभर तरी, काका!"

"आन् वर किती आणलीसा?"

फोन कट झाला.

दुसरा व्हिडिओ फुकट देणार होता. "माल चोख असंल तर फुकट कशापायी देतोय?" म्हणत मामांनी त्यालाही उडवलं. मी मनातल्या मनात पेढे वाटले.

तिसरा विजयसिंह. त्यानं भाव एका रुपयानंही उतरवला नाही. म्हणाला, "रविवारी मी कोल्हापुरात पोहण्याच्या टँकवर शिकवायला असतो, तिथं या. पाण्यात बघितल्याशिवाय मी कुणालाच समुद्रात नेत नाही. पैशाचं नंतर."

मामांनी मांडीवर थाप मारली. "दाम घ्यायच्या आदी धार काढून दावतोय की! ह्योच मास्तर."

मी मनातल्या मनात वाटलेले पेढे परत गोळा केले.

रविवारी क्रांती मासोळीसारखी डुबकी मारून हसत वर आली. मग माझी पाळी. अंगाला चिकटलेला रबरी सूट, पाठीवर सिलिंडर, तोंडात नळी. काठावर मामा.

"श्वास रोखू नका, सावकाश घेत राहा," विजयसिंह म्हणाला. "भीती वाटली तर हात हलवा."

"भीती? छे!" (हे मी नळी तोंडात असताना म्हणालो, त्यामुळे नुसतंच गुरगुरल्यासारखं झालं.)

डोकं पाण्याखाली गेलं. कानावर दाब आला. माझाच श्वास मला घरघर ऐकू येऊ लागला. उजेड लांब गेला. मी गेलो, असं मला ठाम वाटलं. मामा क्रांतीसाठी दुसरा जावई बघायला किती वर्षं लावतील, हाही विचार येऊन गेला. हात हलवायचं राहिलंच. मी दोन्ही हातांनी विजयसिंहाचा गळा धरला आणि पायांनी कमरेला विळखा घातला. त्या भल्या माणसानं शांतपणे मला तसंच अंगावर घेऊन उभं केलं.

उभं राहिल्यावर कळलं, पाणी छातीपर्यंतच होतं.

"ताईंना नेतो," तो मान चोळत म्हणाला. "साहेबांना नाही. दुप्पट पैसे दिले तरी नाही."

म्हणजे मला हवं होतं तेच झालं. पण क्रांतीचा चेहरा असा उतरला, की मला स्वतःचाच राग आला.

"आप्पा," ती हळूच वडिलांना म्हणाली, "तुम्ही येता माझ्यासंगं?"

"न यायला काय झालं? उभा जल्म हिरीत पवलोय!" मामा सदऱ्याची बटणं काढायलाही लागले.

मी शेवटचा प्रयत्न केला. "मामा, हा मास्तर बादच करा. गिऱ्हाइकाला असं बोलतात होय?"

"बाद? येडं का खुळं!" मामा म्हणाले. "पावणं, असला पारखी शोधून घावायचा न्हाय. तुमी कसलं हाईसा ते कळाया आमाला पोरगी द्याय लागली. ह्यानं नुसतं पाण्यात घालून वळीखलं!"