अचानक घसरण्याची तालीम

"अंहं," बायको पलंगावरून म्हणाली. "काल तू यापेक्षा जास्त अचानक घसरला होतास."

फूटपट्टी उठला, कपाटाच्या आरशासमोर आपल्या जागी गेला आणि पुन्हा अचानक घसरला.

"आता?"

"आता बरं आहे. पण पडायच्या आधी खाली बघतोस. आपण पडणार हे ज्याला माहीत नसतं, तो जागा बघून पडत नाही रे."

फूटपट्टी दिवसा एका आर्किटेक्टकडे घरांचे नकाशे काढायचा आणि संध्याकाळी नाचायचा. हे नाव त्याला नाचातल्या मंडळींनी ठेवलं होतं, आणि कौतुकाने ठेवलेलं नव्हतं. समकालीन नृत्याच्या त्या पथकात दरवर्षी एकच जागा निघायची आणि दरवर्षी बाई त्याला एकाच वाक्यात घरी पाठवायच्या, "तू ठरवून नाचतोस." पथक बाईंचं, आणि बाईंचा सगळा भरवसा अनिश्चिततेवर. पुढच्या क्षणी काय होणार हे नाचणाऱ्याला माहीत असेल तर ती कवायत, असं त्यांचं म्हणणं. यंदा त्यांनी बजावलं होतं, पुन्हा तेच दिसलं तर यापुढे येऊच नकोस.

तेव्हा फूटपट्टीने ठरवलं, की या वेळी काहीही ठरवायचं नाही. ते नीट जमावं म्हणून तो तीन आठवडे रोज तालीम करत होता.

निवडीच्या दिवशी हॉलच्या मधोमध कपड्यांचा ढीग होता. डोळे मिटून हात घालायचा आणि हाताला येईल ते चढवून नाचायचं, हा बाईंचा रिवाज. अंगावर काय आहे याचीही खात्री नको. फूटपट्टीच्या हाताला एक पँट लागली. ती कुणा अवाढव्य माणसासाठी शिवलेली होती आणि त्यालाही सैल झाली असावी. फूटपट्टीने नाडी करकचून आवळली.

बायको मागच्या भिंतीला टेकून बसली. बाईंनी स्पीकर लावला. त्यातून मिक्सर फिरल्याचा आवाज आला, मग कुणीतरी खोकलं. संगीत सुरू झालं होतं.

जोडीला भिंगरी होती. पथकातली जुनी नर्तकी. एकदा गिरक्या घ्यायला लागली की थांबणं तिच्या हातात नसे. मागे आणखी चौघे उभे होते. पुढचा जे करेल ते उचलायचं, एवढंच त्यांचं काम.

सुरुवात झकास झाली. फूटपट्टी असा काही घसरला, की बाई खुर्चीत पुढे सरकल्या. मागचे चौघे धपाधप घसरले. आणि नेमकी त्याच धक्क्याने नाडी तुटली.

फूटपट्टी उठला तो उजव्या हाताने कंबर धरूनच. बसवल्याप्रमाणे आता दोन्ही हात पसरून उंच उडी होती. मागून बायको खाणाखुणा करायला लागली, आधी हात पसरून, मग बसल्या बसल्या चक्क उडी मारून. त्याने मान हलवली. तिला वाटलं, हा विसरला. तिने आणखी मोठी उडी मारली.

फूटपट्टी हात बदलत भिंतीकडे सरकला. मागच्या चौघांनी कंबर धरली आणि तेही सरकले. भिंगरी गिरकी घेत त्याला येऊन भिडली आणि ओठ न हलवता म्हणाली, "हात सोड, तुला खांद्यावर घेते."

"नको!"

"नको काय? मी आलेय ना गिरकी घेऊन!"

"अगं, नाडी तुटलीय."

भिंगरीचे डोळे चमकले. "तुटलीय? अरे वा! मग वापर ना तिला!"

"कशी वापरू? पँट खाली येईल!"

"माहीत नसणं हीच तर गंमत आहे," असं म्हणून ती दुसऱ्या गिरकीला निघून गेली.

तो गुडघे जुळवून उभा राहिला. तेही सगळ्यांनी उचललं. शेवटी तो आडवा पडला, कारण आडव्या माणसाची पँट सहसा खाली पडत नाही. लोळताना मात्र ती वीत वीत मागे राहू लागली. फूटपट्टीला घाम फुटला. आयुष्यात पहिल्यांदा पुढच्या क्षणी काय होणार हे त्याला खरोखर माहीत नव्हतं, आणि त्यात गंमत कुठे असते ते त्याला कळेना.

बाईंनी स्पीकर बंद केला. फूटपट्टी कंबर धरून उठला.

"ते घसरणं," बाई हळू आवाजात म्हणाल्या, "बघ, अजून अंगावर काटा आहे. त्या क्षणी तुला काही म्हणजे काही माहीत नव्हतं."

फूटपट्टीने नम्रपणे खाली पाहिलं.

"पण नंतर? हात कंबरेला, तो सुटायचं नाव नाही. एकेक हालचाल मोजून मापून. हे तू घरून बसवून आणलंस."

"नाही हो बाई, शपथ!"

बायकोला राहवलं नाही. ती उभी राहून ओरडली, "अहो बाई, काहीतरीच काय! घरून आम्ही वेगळंच बसवलं होतं!"

बायको सावकाश खाली बसली.

"अस्सं," बाई म्हणाल्या. "शेवटची संधी. दोन्ही हात वर कर आणि नाच."

"बाई, एका हाताने चालणार नाही का?"

"दोन्ही. नाहीतर दार तिकडे आहे."

फूटपट्टीने दाराकडे पाहिलं. बायकोकडे पाहिलं, तिने तोंडावर धरायला पदर नव्हता म्हणून पर्स धरली. मग त्याने श्वास घेतला आणि दोन्ही हात वर केले.

पँट पडली. आत त्याने मेव्हण्याची चट्ट्यापट्ट्यांची अर्धी चड्डी घातली होती, आणि तीही त्याला सैलच होती. कुणी हसलं नाही. तो हात वर धरून तसाच उभा राहिला.

बाई जवळ आल्या. त्यांचे डोळे भरून आले होते.

"हे तुला सुचलं?"

"नाही हो. झालं."

"झालं!" बाई सगळ्यांकडे वळल्या. "ऐकलंत? झालं म्हणतोय! जागा तुझी. आणि हे आता दौऱ्यातल्या प्रत्येक प्रयोगात हवं. इथेच, याच वेळी, अगदी असंच."

फूटपट्टीचे हात अजून वरच होते. "बाई, मग आत काय घालायचं, ते तरी घरून ठरवून येऊ?"

बाईंनी कपड्यांच्या ढिगाकडे पाहिलं.

"नको," त्या म्हणाल्या. "तेही ढिगातूनच घे."