हौसाकाकूंचा सांजेचा आवाज

"भांडायचं असंल तर सकाळी यायचं. दुपारनंतर माझं दुकान बंद."

निरवांगीत आमच्या शेजारी राहणाऱ्या हौसाकाकूंचा हा नियम साऱ्या गावाला ठाऊक आहे. दुपारी कुणी पाण्याच्या पाळीवरून वाद काढलाच, तर काकू नुसतं पूर्वेकडं बोट करतात. उद्या, दिवस उगवल्यावर.

पूर्वी असं नव्हतं. मग काकूंची पापणी उतरू लागली, भाकरी चावता चावता जबडा थकू लागला, बोलणं गेंगाणं होऊन विझू लागलं. निजून उठल्या की पुन्हा ठणठणीत. गाव आधी म्हणालं, सोंग. मग म्हणालं, बाधा. अंगारे झाले, लिंबं उतरली. तात्यांची, म्हणजे काकूंच्या नवऱ्याची, नजर साखरेनं गेलेली. बायकोचा आवाज येईना, तेव्हा त्यांनी जेवणच सोडलं.

शेवटी बारामतीच्या डॉक्टरांनी मिटल्या पापणीवर बर्फ धरला आणि ती उघडली. पुढच्या तपासण्यांनंतर त्यांनी समजावलं, "शरीराची राखण करणारी फौजच चुकून नसांचा निरोप स्नायूंपर्यंत पोचू देत नाही. वापराल तशी ताकद सरते, विसाव्यानं परतते. औषधानं आजार आवरता येतो."

"म्हंजी सोसायटीच्या निवडणुकीवानी," काकू म्हणाल्या. "आपलीच मानसं आपल्याला पाडत्यात."

अंगाऱ्यांत वाया गेलेल्या दिवसांचा मला संताप होता. मी पत्रक काढलं, 'ही बाधा नाही, आजार आहे!' दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सभा ठरवली आणि दिवेलागणीला काकूंना बोलवायला गेले.

"सकाळी ठेव."

"सकाळी माणसं उसात असतात, काकू! तुमचं ऐकून एखादी तरी दवाखान्यात जाईल."

"सांजंचा आवाज दिलेला हाय, पोरी."

"कुणाला?"

काकूंनी पूर्वेकडं बोट केलं. मी तणतणत ओट्यावर आले. चप्पल घालत होते, तेवढ्यात आतून तात्यांचा चाचपडता आवाज आला, "हौसे, हायस का?"

"न्हाय, म्हायेरी गेले! मीठ कमी म्हनून तोंड वाकडं कराल, तर ताट उचलीन. कालचं धोतर कुठं टाकलंया?"

मी वळून पाहिलं. काकूंच्या दोन्ही पापण्या उतरल्या होत्या. एक हात हनुवटीला टेकू देत होता. आवाज मात्र खणखणीत. दुपारभर राखून ठेवलेला.

सभा सकाळीच घ्यायची, हे मी तिथंच ठरवलं.

आणखी दोन वाक्यांनंतर तो आवाज नाकात जाऊ लागला. काकू तिथंच थांबल्या आणि पातेली आपटू लागल्या.

तात्यांनी निवांतपणे घास मोडला. "झालं. आता भांड्यांवर राग."