अंगणभर अ

सुमतीअक्कांच्या घरी चप्पल काटकोनात काढावी लागते. एक उंबऱ्याला समांतर, दुसरी उभी. दूधवालासुद्धा हे पाळतो. मी एकदा कारण विचारलं, तर म्हणाल्या, "जाताना काटकोन मोडून जावं लागतं. तेवढाच पायाला अभ्यास."

धारवाडात आमच्या शेजारी त्या एकट्याच राहतात. प्राथमिक शाळेतली नोकरी संपली, शिकवणं काही संपलं नाही. भाजीवालीकडं भोपळ्याची फोड समद्विभुज मागतात. जेवायला बसवलं तर "वर्तुळाचा चौथा भाग वाढू का?" असं विचारतात, आणि त्यांना चतकोर पोळी म्हणायचंय हे कळेपर्यंत पोळी निवते.

माझी इरा सहा वर्षांची. शाळेत कन्नड आणि इंग्रजी, त्यात घरी मी मराठी लिहायला बसवलेली. ती अक्षरं उलटी काढायची. वर्गात मुलं हसली आणि तिनं पेन्सिल धरणंच सोडलं. सकाळी शाळेची वेळ झाली की पोट दुखायचं. मी रागावून पाहिलं, चॉकलेट देऊन पाहिलं. शेवटी अक्कांकडं नेलं.

अक्कांनी पेन्सिल काढलीच नाही. रांगोळीचा डबा घेऊन अंगणात एवढा मोठा अ काढला की त्याचा दांडा तुळशीपर्यंत गेला.

"चाल यावरनं," त्या म्हणाल्या. "आधी पाय लिहितो. हात मागनं येतो."

इरा चालली आणि वळणावर अडली.

"का थांबलीस?"

"कुठं वळायचं कळेना."

"पेन्सिलीलापण तेच कळत नाही की. मग तिच्यावर कशाला रागवायचं?"

मग रोज संध्याकाळी तेच. चौकोनावर चालताना प्रत्येक कोपऱ्याला टाळी. गोलावर चालताना कोपरा सापडला तर सांगायचं. इरा फिरून फिरून दमली.

"अक्का, यात कोपराच नाही."

"नोडु, बघ, मलाही आजवर सापडला नाही," अक्का गंभीरपणे म्हणाल्या.

दिवाळीपर्यंत इरा पाटीवर आणि मग वहीत आपणहून लिहू लागली. पोटदुखी थांबली. पुढं नाचाचा क्लास सुरू झाला आणि अक्कांकडं जाणं राहूनच गेलं.

परवा अक्का आमच्या फाटकाशी आल्या. "विद्या, इराचा ळ अजून कच्चा आहे. थोडे दिवस पाठवत जा."

"तुम्ही कुठं बघितला तिचा ळ?"

त्या फाटकाच्या कडीकडं बघत राहिल्या. "अंदाजानं कळतं की."

इराला सांगितलं तर ती फणकारली, "माझा ळ बरोबर आहे." मग तिनं खिडकीतनं पलीकडं पाहिलं. अक्का पायरीवर बसून होत्या. इरा चपला घालून गेली.

मी कुंपणापाशी उभी राहून बघत होते. इरानं खडूनं फरशीवर ळ काढला. एक गोल सैल, दुसरा तर उघडाच. वहीत तिचा ळ असा कधीच नसतो.

"बघ, म्हटलं नव्हतं?" अक्कांनी उठून पदर खोचला. "याला बरेच दिवस लागतील."

"लागू देत," इरा म्हणाली.