तात्यांची तेलपंचमी

रंगपंचमीच्या सकाळी नखांना लालभडक नेलपॉलिश लावून अंगणात बसलेला साठीचा पुरुष तुम्ही कधी पाहिलाय? आम्ही घोडेगावकर दरसाल पाहत आलो. आमचे शेजारी तात्या, पंचायत समितीतून रिटायर झालेले. नखांत रंग शिरला की महिनाभर जेवताना ताटात दिसतो, असं त्यांचं म्हणणं. नेलपॉलिश बिनरंगाचंही मिळतं हे त्यांना कुणी सांगितलं नाही. मला ठाऊक होतं, पण मी कशाला सांगू?

नखं ही नुसती सुरुवात. डोक्यावर खोबरेल इतकं थापायचं की त्यांच्या बायकोनं, शालनकाकूंनी, त्यांची उशीच वेगळी केलेली. ओठांना तूप, कानांत कापसाचे बोळे, तोंडाला तिळाचं तेल, अंगात फुल बाह्यांचा शर्ट. एवढं झालं की फाटकात उभं राहून आळीतल्या पोरांना धरायचे आणि तेल चोपडायचे. "कातडी एकच भेटलीय राव, सर्विसिंगला देता येत न्हाई," हे त्यांचं वाक्य आळीतल्या शेंबड्या पोरालाही पाठ. कुणी नवा रंग आणला, की आधी तो कोपराच्या आतल्या बाजूला लावायला लावून स्वतः घड्याळ घेऊन समोर बसायचे. तोवर पोरांचा जीव खालीवर.

बरं, इतकं करून माणूस खेळतो म्हणाल तर नाव नको. कुणी मूठ घेऊन जवळ आलं, की आत पळायचे आणि दाराला कडी.

त्यालाही कारण होतं. लग्न चार दिवसांवर आलेलं असताना दोस्तांनी त्यांना चंदेरी ऑइलपेंट फासला होता. रॉकेलनं घासून घासून तोंड सुजलं, पण कानांवरचा रंग काही निघाला नाही. लग्नाच्या फोटोत काकू नवऱ्याकडं नाही, त्याच्या कानांकडं बघतायत. तो फोटो त्या आल्यागेल्याला दाखवायच्या आणि पदर तोंडाला लावून हसायच्या. त्यांना रंगाची लई हौस.

दिवाळीच्या आधी काकू गेल्या. ताप आला काय, आणि हां हां म्हणता माणूस गेलं काय. आळीला खरंच वाटेना.

आमच्याकडं माणूस गेलेल्या घरात सण करत नाहीत. रंगपंचमीला आळीनं जायचं, घरच्यांना रंग लावायचा, तेव्हा दुखवटा उठतो. तात्यांच्या मनीषाचं ठरलेलं लग्न त्यासाठीच थांबलं होतं. म्हणजे बघा पंचाईत. आख्ख्या तालुक्यात रंगाला भिणारा एकच गडी, आणि त्याच्याच गालाला रंग लागल्याशिवाय पोरीच्या अक्षता पडायच्या नाहीत.

मनीषा रोज माझ्या झेरॉक्सच्या दुकानात येऊन तेच विचारायची. पप्पांनी कडी लावली तर? सगळ्यांसमोर नाही म्हणाले तर? विषय काढला की तात्या उठून परसात जायचे. त्या पोरीचं तोंड बघून माझीही झोप उडाली. शेवटी डोंगराकडच्या एसटीनं जाऊन पळसाची फुलं आणली, उकळून केशरी रंग केला आणि स्वतःच्या कोपराला लावून घड्याळ बघत बसलो. तात्यांच्या शेजारानं माझं हे असं झालंय.

रंगपंचमीला आम्ही दहा-बारा जण गेलो. दार उघडं होतं आणि तात्या ओसरीवर बसले होते. केस कोरडे, भुरभुरीत, आणि तोंडाला तेलाचा थेंब नाही. मला वाटलं, यांना आज सण आहे हेसुद्धा आठवत नाही.

"तात्या, तेल?" मी विचारलं.

"न्हाई लावलं."

"अहो, मग रंग आठ-आठ दिवस निघायचा नाही."

"म्हणून तर न्हाई लावलं."

मी पळसाचा तांब्या पुढं केला. त्यांनी आत डोकावून पाहिलं आणि म्हणाले, हा संध्याकाळपर्यंत जाईल, पक्का गुलाबी आहे का कुणाकडं. मागच्या बायकांनी पुडी पुढं केली. तात्यांनी ती हातात धरली.

"दरसाल ती बोटावर रंग घिऊन दाराबाहेर उभी राहायची," ते म्हणाले. "मी आतून म्हणायचो, पुढच्या साली लाव. लई वर्षं म्हणलो. आन् तीबी बिचारी हसून माघारी जायची."

मग त्यांनी मनीषाला जवळ बोलावून पुडी तिच्या हातात दिली, आईच्या वाटणीचा तूच लाव म्हणाले आणि डोळे मिटून तोंड पुढं केलं. तिनं एक गाल रंगवला, मग दुसरा. तात्या हलले नाहीत.

"तिचा हात बी असाच गार असायचा," ते म्हणाले.

आम्हाला अजून दोन घरी जायचं होतं. पण तात्या डोळे उघडेनात, आणि आमच्यातलं कुणी निघेना.